चाकांवरचं कामाचं टेबल: एका प्लायमध्ये चार बाय दोन फूट

गुण्या

घरी लाकूडकाम करणाऱ्या बहुतेकांची खरी अडचण जागेची. वेगळं वर्कशॉप फार थोड्यांकडे असतं. बाकीच्यांकडे रो-हाऊसचं पार्किंग, गच्चीवरची पत्र्याची शेड, नाहीतर बाल्कनी. आमच्याकडे नाशिकला पार्किंग आहे आणि संध्याकाळी तिथे गाडी लागते. म्हणजे टेबल भक्कम हवं आणि रोज भिंतीला सरकायलाही हवं. तसं टेबल बांधून वापरात आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी माझं ठाम मत सांगतो. चाकं नेण्या-आणण्यापुरती. काम सुरू झालं की टेबल स्वतःच्या चार पायांवर उभं राहिलं पाहिजे. बाजारात ब्रेकवाली चाकं मिळतात आणि बहुतेक जण तीच पायाखाली ठोकून मोकळे होतात. पण साधा ब्रेक चाकाचं गरगरणं थांबवतो. चाक ज्या बेअरिंगवर गोल वळतं, तिथली ढिलाई तशीच राहते. रंधा मारताना सगळा जोर आडवा जातो आणि तो त्या ढिलाईवरच येतो. टेबल दर हाताला सूतभर (इंचाचा आठवा भाग) हलतं आणि रंध्याखाली लाकडावर लाटा उठतात. करवतीचंही तेच. टेबल डुललं की रेघ सुटते.

आता माप. प्लायचा तक्ता 8 बाय 4 फुटांचा येतो. त्याचे 4 बाय 2 चे बरोबर चार तुकडे पडतात. (करवतीच्या पात्याची जाडी जाते, त्यामुळे प्रत्येक तुकडा जेमतेम सूतभर कमी भरतो. चालतं.) 18 मिमीचा प्लाय घ्या. चारपैकी दोन तुकडे एकमेकांवर चिकटवून वरची फळी, तिसरा खालचा कप्पा आणि चौथ्यातून चाकांच्या फळ्या. तक्ता पूर्ण वापरला जातो.

दोन तुकडे चिकटवायचं कारण नुसतं वजन नाही. फळीची जाडी दुप्पट झाली की तिचा ताठपणा आठपट होतो, पण थर पूर्ण चिकटलेले असले तरच. मध्ये पोकळी राहिली तर दोन सुट्या फळ्या एकावर एक ठेवल्यासारखंच. म्हणून फेव्हिकॉल ठिपक्या-ठिपक्यांनी नको, जुन्या एटीएम कार्डाने किंवा दातेरी पट्टीने सगळीकडे सारखा पसरा, खालच्या बाजूने दर सहा-सात इंचांवर स्क्रू मारा आणि रात्रभर वजन ठेवा. वर मी पातळ हार्डबोर्डचा एक थर नुसता कडेच्या स्क्रूंवर बसवलाय. कापाकापीने खराब झाला की बदलायचा.

सांगाडा पाइनचा, 3 बाय 2 इंच. पाय, वरच्या-खालच्या पट्ट्या आणि चाकांसाठी दोन आडव्या पट्ट्या धरून साधारण 36 फूट लांबी लागते, म्हणजे दीड घनफूट. तोडमोड धरून पावणेदोन घ्या. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन औद्योगिक वसाहतींजवळच्या भंगारवाल्यांकडे मिळतं. पुण्यात चाकण-भोसरीच्या बाजूला भरपूर, आमच्याकडे सातपूर-अंबडला. घेताना त्यावरचा शिक्का बघा. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या खोक्यांवर गव्हाच्या ओंबीसारखी खूण आणि शेजारी अक्षरं असतात. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते बिनधास्त घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते मी घरात आणत नाही.

पाय आणि पट्ट्या जिथे भेटतात तिथे अर्धी-अर्धी जाडी खोबणून एकात एक बसवल्या आहेत आणि आरपार 8 मिमीचे नट-बोल्ट. जिप्सम बोर्डचे काळे स्क्रू इथे वापरू नका. ते कडक पण ठिसूळ असतात, आडवा ताण आला की मान तुटते. सांगाडा काटकोनात आहे की नाही ते गुण्यापेक्षा (काटकोन तपासायच्या पट्टीपेक्षा) दोन्ही कर्ण मोजून कळतं. कर्ण सारखे, तर चौकट सरळ.

आता मुख्य भाग, चाकांची फळी. दोन्ही आखूड बाजूंना, दोन पायांच्या मध्ये, 17 बाय 10 इंचांची एकेक फळी (प्लायचे दोन थर). तिची आतली कड बिजागऱ्यांनी आतल्या आडव्या पट्टीला जोडायची, बाहेरची कड मोकळी. फळीच्या खाली दोन चाकं. मोकळ्या कडेवर पाय दाबला की चाकं जमिनीला टेकतात आणि बिजागरीची बाजू वर उचलली जाते, तिच्यासोबत टेबलाचं ते टोकही. तेवढ्यात वरच्या पट्टीला लोंबणारा लाकडी टेकू फळीवर उभा राहतो आणि फळी परत वर येऊ शकत नाही. दोरीने टेकू ओढला की टेबल धप्पकन पायांवर.

दोन मापं चुकवू नका. पहिलं, चाकाची उंची प्लेटसकट मोजा आणि त्यातून अर्धा इंच वजा करा. फळी आडवी असताना तिची खालची बाजू पायाच्या तळापासून तेवढ्याच उंचीवर आली पाहिजे. म्हणजे टेबल अर्धा इंच उचललं जाईल. त्याहून जास्त उचलण्याची गरज नाही, पायाला जोर मात्र जास्त पडतो. दुसरं, चाक बिजागरीच्या जवळ ठेवा. माझ्याकडे चाकाचा मध्य बिजागरीपासून तीन इंचांवर आहे आणि पाय दाबायची कड त्याच्या पलीकडे सहा इंचांवर. टेबलाचं सामानासकट वजन 80 किलो धरलं तर एका टोकाचे 40 आणि ते उचलायला पायाला लागतात 20. कुणालाही जमतं.

पंचगंगा

वा, काम दिसतंय! पण दादा, लाकडाचा सांगाडा कशाला? आमच्या कोल्हापुरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे जा, 40 बाय 40 ची 2 मिमी जाडीची चौकोनी नळी घ्या. मीटरला सव्वादोन-अडीच किलो वजन. तुमच्या मापाच्या टेबलाला वीस फुटी दोन नळ्या पुरतील. एका दिवसात वेल्डिंग, दुसऱ्या दिवशी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग). वाळवी नाही, फुगणं नाही, बोल्ट सैल पडणं नाही.

आणि चाकांचं म्हणाल तर 'टोटल लॉक'ची येतात. एका खटक्यात चाकाचं फिरणंही थांबतं आणि वळणंही. महाग पडतात, पण तुमची फळी, बिजागरी, टेकू सगळं वाचतं.

गुण्या

@पंचगंगा, लोखंडाला माझा विरोध अजिबात नाही. ज्याच्या ओळखीचा वेल्डर आहे त्याने लोखंडाचंच करावं. फक्त दोन गोष्टी. वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट पिळते, म्हणून चारही कोपरे आधी नुसते टाके मारून, कर्ण मोजून, मगच पूर्ण वेल्ड करायला सांगा. आणि वरची फळी नळीला बोल्टने बसवताना नळीत आरपार भोक पाडा. नळीच्या एकाच भिंतीत पत्र्याचे स्क्रू मारले तर ते काही महिन्यांत हलायला लागतात.

टोटल लॉकबद्दल मात्र मी मत बदलणार नाही. नुसतं ड्रिल, सँडर, छोटं कटिंग मशीन चालवणाऱ्याला ती पुरेशी आहेत. हातरंधा चालवणाऱ्याला नाहीत. रबरी किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) चाक लॉक झालं तरी त्याचं रबर दबतं. जमिनीवर टेकलेल्या लाकडी पायाची बरोबरी ते करत नाही.

अण्णा_वाईकर

धागा मनापासून आवडला. माझे वडील आणि चुलते सुतारकाम करायचे. त्यांच्या कामात टेबल नव्हतंच. जमिनीवर बसायचं, फळी पायाच्या अंगठ्याने आणि टाचेने धरायची, समोर एक ठोकळा अडवण म्हणून, आणि रंधा अंगाकडून पुढे. अंगाचा सगळा भार रंध्यावर यायचा. दारं, नांगर, बैलगाडीची साटी, सगळं त्या बसल्या जागेवर झालं. लहानपणी मी समोर बसून भुश्श्यात पाय घालायचो. ताज्या सागवानाचा वास अजून ओळखू येतो.

आता माझे गुडघे बसू देत नाहीत म्हणून टेबलाचा विचार करतोय. प्रश्न उंचीचा. तुम्ही उंची लिहिलेली नाही. आमच्या सूनबाईंच्या ओट्याएवढं उंच केलं तर रंध्यावर भार येणार कसा?

गुण्या

अण्णा, तुमचा मुद्दा लाखमोलाचा. उंची लिहायची राहिली. साधा हिशोब असा: सरळ उभं राहून हात सैल सोडा आणि मनगटाच्या घडीपर्यंत मोजा. बहुतेकांचं ते 32 ते 35 इंच भरतं. मशीनचं काम, जोडणी, रंगकाम, सगळ्याला ती उंची बरी. पण ज्याचं मुख्य काम हातरंधा आहे त्याने त्याहून दोन-तीन इंच खाली यावं. तुम्ही 30 इंच ठेवा. खांदा रंध्याच्या वर आला की भार आपोआप येतो, नुसत्या दंडाने ढकलावं लागत नाही.

आणि ती ठोकळ्याची अडवण टेबलावरही करा. वरच्या फळीत आरपार चौकोनी भोक पाडून त्यात घट्ट बसणारी बाभळीची खुंटी घाला. खालून हातोडीने ठोकली की वर येते, वरून ठोकली की फळीशी सपाट. ती आहे तोवर फळी रंधायला वाइसची (लाकूड आवळून धरणाऱ्या शिकंज्याची) गरज पडत नाही.

शेवंती

वाखुसा (वाचनखूण साठवली)! मी डोंबिवलीला, तिसरा मजला, बाल्कनी नऊ बाय चार. चार फुटी टेबल ठेवलं तर मला उभं राहायला जागा उरत नाही. तीन बाय दीड फुटांचं केलं तर चालेल का? आणि अख्खा तक्ता तिसऱ्या मजल्यावर न्यायचा कसा, लिफ्टमध्ये मावत नाही. शिवाय टेबल लहान म्हणजे हलकं, मग ते रंधा मारताना सरकणार नाही का?

गुण्या

शेवंतीताई, तक्ता घरी आणूच नका. प्लायच्या मोठ्या दुकानांत कापून देणारं मशीन असतं, कापायचे पैसे किरकोळ घेतात. कापाची यादी लिहून न्या आणि आधी सगळे लांब काप, मग आडवे असं सांगा. अख्ख्या तक्त्याचं वजन 35 किलोच्या आसपास असतं. तुकडे झाले की एकेक करून लिफ्टमधून आरामात जातात.

हलकेपणाचं बरोबर ओळखलंत. उपाय खालच्या कप्प्यात आहे. जड वस्तू तिथे ठेवा: मशीनच्या पेट्या, स्क्रू-खिळ्यांचे डबे. काहीच नसेल तर कोटा किंवा शहाबादी फरशीचे दोन तुकडे कप्प्यात तळाशी टाका. वजन खाली असलं की टेबल सरकत नाही आणि हलवताना कलंडतही नाही. उरलेल्या प्लायचे ड्रॉवर करता येतील, पण ते वरच्या फळीला अगदी चिकटवून लावू नका. फळीच्या खाली क्लॅम्पचा जबडा जायला चार-पाच इंच मोकळे ठेवा आणि फळी चारही बाजूंनी इंचभर तरी बाहेर येऊ द्या. क्लॅम्प लावता येत नाही असं टेबल म्हणजे नुसता ओटा.

काजूबी

रत्नागिरीहून. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली, त्यामुळे काही गोष्टी वाढवतो.

प्लाय घेताना तक्त्यावरचा आयएस (भारतीय मानक) क्रमांक बघा. आयएस 303 हा सर्वसाधारण प्लाय, त्यातही एमआर (ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) असे दोन प्रकार. पार्किंगमध्ये उघड्यावर राहणार असेल तर एमआर घेऊ नका. आयएस 710 म्हणजे मरीन. कोकणात मी तोच घेईन. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, तिथूनच पाणी शिरतं.

पायाचा तळ हा सगळ्यात नाजूक भाग. लाकडाच्या नळ्या तिथे उभ्या उघड्या असतात आणि पार्किंग धुतलं की पाणी वर ओढलं जातं. तळाला इपॉक्सीचे दोन हात द्या, वरून रबरी बूच बसवा. वाळवीसाठी तळाशी आठवड्यातून एकदा नजर टाकायची सवय लावा. टेबल चाकांवर असल्याचा इथे मोठा फायदा आहे. भिंतीला कायमचं चिकटून राहत नाही, मागे मातीची रेघ चढली तर लगेच दिसते.

एक शंका. तुमची चाकं 17 इंचांच्या फळीवर, म्हणजे दोन चाकांमध्ये जेमतेम 12-13 इंच. टेबल दोन फूट रुंद. हलवताना आडवं कलंडणार नाही?

गुण्या

काजूबी, फार छान माहिती.

कलंडण्याचं उत्तर त्या अर्ध्या इंचात आहे. हलवताना पाय जमिनीपासून अर्धाच इंच वर असतात. टेबल एका बाजूला झुकलं की तिकडचा पाय लगेच टेकतो आणि तोल सावरतो. उचल दोन इंच ठेवली असती तर तुमची भीती खरी ठरली असती. तरीही ढकलताना लांबीच्या दिशेने ढकला आणि वाइस बसवली असेल तर ती बाजू मागे ठेवा.

चाकं कुठली ते राहिलं. पार्किंगच्या फरशांच्या सांध्यांतून दोन इंची चाक अडकतं. तीन इंची किमान, चार इंची उत्तम. वजनाचा हिशोब करताना एकूण वजनाला चारने नाही, तीनने भागा. जमीन कधीच एकसारखी नसते, एखादं चाक दर वेळी अधांतरी असतं. 80 किलोला तीनने भागलं तर 27. दुकानात 50-60 किलोचं चाक सहज मिळतं, तेच घ्या. चारही गोल वळणारी घेतली तर टेबल अडचणीत आडवंही सरकतं, फक्त चाक पूर्ण गोल फिरेल एवढी जागा बिजागरीच्या बाजूला सोडा.

हडसन_काठी

न्यू जर्सीहून. इथे गॅरेजमध्ये अगदी हीच अडचण. बर्फ पडणार असेल तर गाडी आत घ्यावी लागते. इथल्या मराठी मंडळींसाठी दोन टिपा. 'टू बाय फोर' म्हणून मिळणारं लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं, गुण्यांची मापं तशीच उचललीत तर फळीची रुंदी चुकेल. आणि हिवाळ्यात गॅरेज तापवलं नसेल तर चिकटवण्याचं काम घरात करा. पांढरा-पिवळा लाकडाचा गोंद 10 अंश सेल्सियसच्या खाली नीट धरत नाही. वाळला की खडूसारखा पांढुरका दिसतो आणि सांधा हाताने सुटतो.

गुण्या, जमिनीच्या उताराचं काय करता? गॅरेजची जमीन दाराकडे उतरती असते. टेबल पायांवर ठेवलं की डगमगतं.

गुण्या

आमच्या पार्किंगलाही पाणी जायला उतार आहे. चारही पायांच्या तळात नट ठोकून 12 मिमीचे बोल्ट बसवलेत, डोकं खाली. पान्याने फिरवलं की पाय लांब-आखूड होतो. उतारावर एकच जागा ठरवा, जमिनीवर ऑइल पेंटने चार ठिपके करा आणि रोज टेबल तिथेच आणा. म्हणजे बोल्ट एकदाच लावावे लागतात. लक्षात ठेवा, बोल्ट जितका बाहेर काढाल तितकी चाकांची उचल कमी होते. फळीचं माप काढतानाच बोल्टचं डोकं आणि वर पाव इंच धरून पायाचा तळ मोजा. उतारावर दोन चाकं तरी ब्रेकची घ्या, टेकू काढेपर्यंत टेबल जागेवर राहायला हवं.

शेवंती

विजेचं कुणी काहीच बोललं नाही. टेबल फिरणार म्हणजे वायरही फिरणार.

पंचगंगा

ताई, हे मी सांगतो. टेबलाच्या पायावर 16 अँपिअरचं एक सॉकेट आणि दोन साधी, असा बोर्ड बसवा आणि त्याला तीन पदरी लवचिक वायर, दीड चौरस मिमी, लांबी गरजेपुरतीच. 1400 वॉटचं कटर सहा-सात अँपिअर घेतं, त्याला ती पुरते. वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर वापरताना पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. आणि घराच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते बघून घ्या. नसेल तर टेबलाच्या आधी तो बसवा. लोखंडी सांगाडा करणाऱ्यांनी सांगाड्याला अर्थिंग जोडायचंच, ते टाळू नका.

अण्णा_वाईकर

टेकूचा खुलासा हवा. दोरी ओढली की दोन्ही टोकं एकदम पडतात का? आणि बिजागरीवर एवढा भार, ती किती दिवस टिकेल?

गुण्या

नाही अण्णा, दोन्ही टोकांचे टेकू वेगळे, दोऱ्याही वेगळ्या. आधी एक टोक खाली, मग दुसरं. उचलतानाही तसंच. एक टोक चाकांवर आणि दुसरं पायांवर असताना टेबल कुठेही पळत नाही, त्यामुळे घाई करावी लागत नाही. टेबल खाली घेताना पाय फळीच्या कडेवर दाबून ठेवा, भार हलका झाला की दोरी ओढा आणि मग पाय सावकाश वर घ्या. धप्पकन आपटत नाही आणि सांधेही टिकतात.

बिजागरी चार इंची, जाड पत्र्याची, एका फळीला तीन. फर्निचरच्या दुकानातली चकचकीत पातळ नको, लोखंडी गेटला लावतात त्या जातीची. स्क्रूवर विसंबू नका. प्रत्येक भोकात आरपार 6 मिमीचा बोल्ट, मागे रुंद वॉशर आणि लॉकनट. टेकू पाइनचा करू नका, त्याचं टोक रोजच्या भाराने चेपतं आणि उचल कमी होत जाते. सागवानाचा किंवा बाभळीचा तुकडा घ्या, त्याचे तंतू उभे येतील असा कापा आणि जिथे तो फळीवर टेकतो तिथे सूतभर खोलीची खाच ठेवा म्हणजे हिसक्याने निसटत नाही. तुमच्याकडे वडिलांच्या वेळचं जुनं बाभळीचं लाकूड पडलेलं असेल तर त्याहून चांगलं काही नाही.

आकृती मापांसकट रविवारपर्यंत इथेच टाकतो. 30 इंच उंचीचं माप अण्णांसाठी आणि तीन बाय दीडचं शेवंतीताईंसाठी, दोन्ही वेगळी काढून देतो.